पोकळ बी

१

कापसाचा हंगाम संपला की मापाड्याला कुणी विचारत नाही. लग्न लागून गेल्यावर वाजंत्र्याला कोण विचारतो? जिनिंगचा पट्टा थांबतो, गाड्यांची रांग सरते आणि आम्ही घरी बसून बायकांच्या पायांत येतो. धुळ्यात असे आम्ही मोजके मापाडी होतो. त्यांत माझा हात सगळ्यांत खरा, असं बाजार म्हणायचा. सुकदेवनं उचललं म्हणजे काट्यावर टाकायची गरज नाही, म्हणायचे. मला त्याचा थोडा माजही होता. काट्यावर उतरत नाही ते मी मानत नसे. त्यात देव आला, भूत आलं आणि शेजारणींची नजरही आली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात मला घरी थांबणं भागच होतं, कारण माझी बायको वच्छला पाणी पीत नव्हती.

आमची एकुलती एक मुलगी तापी आदल्या जेठात पटकीनं गेली. पटकीच्या रोग्याला पाणी पाजलं की रोग वाढतो, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती आणि वैद्यानंही तेच बजावलं होतं. मी नरडाण्याला राहिलेल्या गाठींचं माप करायला गेलो होतो. तापी रिकामा पेला पुढं करून आईला "आखो, आखो" म्हणत राहिली. आमच्याकडे आखो म्हणजे आणखी. लहानपणी गूळ मागतानाही ती माझ्यापुढं वाटी धरून असंच म्हणायची, "आबा, आखो." शेवटी आईनं तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि उंच फळीवर ठेवून दिला.

मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिला आतल्या खोलीतून ओसरीवर मीच उचलून आणलं. पटकीनं पिळून काढलेली सतरा वर्षांची पोर किती भरते, ते माझ्या हातांना ठाऊक आहे. आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

तेव्हापासून वच्छलाचा घसा पाण्याशी मिटायचा. ओठ ओले करायची, भाकरीबरोबर वरणाचं पाणी घ्यायची, बस. पावसाळा आणि थंडी तशी निघाली. पण हा उन्हाळा ती काढणार नाही, हे सांगायला वैद्य नको होता.

२

परसात तापीनं लावलेलं गुलाबाचं झाड होतं. फिकट गुलाबी, बारक्या फुलांचं, वासाला मात्र असं की चुलीपाशी बसून कळायचं. आमच्या दोघांच्याही मनातून ते उतरलं होतं. तिकडं बघवत नसे. फाल्गुनात पाहिलं तर काडी झालेली. वच्छला त्या काडीपाशी बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

मी इसाक माळ्याला बोलावून आणलं. एका साहेबाच्या बंगल्यावर तो बाग बघायचा आणि माझ्याशी त्याचं चांगलं होतं. त्यानं नखानं साल खरवडून पाहिली. कलमाला जीव उरला नव्हता. पण शेंड्याला दोन-तीन नारिंगी बोंडं वाळून लटकली होती. कापसाची असोत की गुलाबाची, माझ्या तोंडी बोंडंच.

"यातलं बी लावता येईल?" मी विचारलं.

इसाक हसला. "गुलाब बीपासून कोन लावतं, सुकदेवभाऊ? कलमाला आईचंच फूल येतं. बीचा भरोसा नाही. त्यातून काय येईल ते अल्ला जाने."

शिवाय या बीला थंडी लागते, गारव्यात ओल्या वाळूत दोन-तीन महिने निजवावं लागतं, आणि खानदेशात वैशाखात गारवा आणणार कुठून, हेही तो म्हणाला. मी सोडूनच देणार होतो. पण वच्छला मागे उभी होती. किती महिन्यांनी तिनं आपणहून तोंड उघडलं आणि विचारलं, उगवायला किती दिवस लागतात? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर ती काडी परसातच मिळाली होती.

इसाकनं बी पारखायची रीत सांगितली. पाण्यात टाकायचं, बुडेल ते खरं, तरंगेल ते पोकळ. मापाड्याला पटेल अशीच रीत ती. वच्छलानं फळीवरचा तापीचा पेला काढला, त्यात पाणी भरलं. एक बी सोडून सगळी तळाला गेली. तरंगणारं मी नखानं उडवणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला आणि ते वेगळं काढून पदराच्या टोकाला बांधलं.

३

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. नवी कोरी मातीची घागर, वर खरबूज आणि सांजोरी. उन्हाळ्यात गेलेल्यांनाही तहान लागते, एवढंच त्यातलं म्हणणं. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर पहिली घागर त्याच्या नावानं. मी कुंभाराकडून तापीची घागर आणली, भरली, नाव घेतलं. मानत नव्हतो, तरी घेतलं. वच्छला भिंतीकडं तोंड करून बसली होती.

आमच्या आळीतली रीत अशी की दुसऱ्या दिवशी ती घागर घराबाहेर जाते. आमची शेजारीण भिकुबाई, तिला सगळी आळी अक्का म्हणायची, ती न्यायला आली. दर साली तीच अशा घागरी नेऊन रस्त्यावरच्या पाणपोईला पोचवायची.

पण मी घागर पाहिली आणि माझा जीव तिच्यात अडकला. आमचा रांजण जुना, त्याची भोकं बुजलेली. तो पाझरत नव्हता आणि पाणी गारही करत नव्हता. नवी घागर मात्र अंगभर घामेजली होती. तिच्याखाली हात धरला तर झाडाखाली बसल्यासारखं वाटलं. इसाक म्हणाला होता तो गारवा हाच. घागर तिवईवर ठेवायची, खाली खापरात वाळू आणि बी. थेंब थेंब पाझरत वाळू ओली राहील. दुसरी नवी घागर आणता आली असती. पण बाजारात तेव्हा आखाजीच्या घागरी संपल्या होत्या, आणि वच्छलानं तोवर खापरात वाळूही पसरली होती. तिच्या हातांना काम लागलेलं मी वर्षभरानं पाहत होतो.

अक्का उंबऱ्यातून आत आली नाही. "भाऊ, ती घागर घरमा नको ठेवू," ती म्हणाली. "ते पानी आपलं नही, तिनं शे."

तिनं, म्हणजे तापीचं. मी अक्काला चेष्टेनं वाटेला लावलं. आमची पोर पाण्याचा हिशेब मागायला येत नाही म्हणालो. बोललो आणि मलाच ते लागलं. वच्छलानं पदराची गाठ सोडून ते पोकळ बीही खापराच्या कडेला पुरलं आणि खुणेला आगपेटीची काडी रोवली.

४

वैशाखातल्या दुपारी धुळ्यात कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. दारं लावून, भिंतींना पाठ लावून माणसं पडून राहतात. त्या दुपारी घरात एकच आवाज असायचा, घागरीचा थेंब वाळूत पडण्याचा. मला तो आवडायला लागला होता. त्याच्या लयीवर डोळा लागायचा.

एकदा असाच पडलो असताना लय चुकली. थेंब पडायच्या जागी तो पडला नाही. त्याऐवजी कुणीतरी घोट घेतला. एकच, मोठा आणि घाईचा. हातातून पेला काढून घेतील या भीतीनं घेतात तसा. मग पुन्हा थेंब.

वच्छला पलीकडं निजली होती, तोंड मिटलेलं. मी उठून घागरीत डोकावलो. पाणी गळ्यापर्यंत होतं, सकाळी मीच भरलं होतं. कुठं चीर पडली की काय म्हणून उचलून बघावी, असा विचार केला आणि नेहमीसारखी कंबर कसून दोन्ही हात घातले. घागर अशी वर आली की मी मागं कोलमडलो. भरलेली घागर रिकामीसारखी उचलली गेली. पाणी हललं, डुचमळलं, चार थेंब माझ्या छातीवर सांडले. ते ओलेही होते आणि गारही.

ऊन लागलं असेल, वय झालं असेल, असं स्वतःला समजावलं. पण माझे हात खोटं बोलत नाहीत, आणि बोलत असतील तर मला ते कळायला हवं होतं. मी माळ्यावरची तागडी काढून आढ्याला टांगली. एका पारड्यात ती घागर, दुसऱ्यात एक जुनी, कोरडी, तेवढ्याच मापाची. दांडी सरळ आडवी राहिली.

जन्मात पहिल्यांदा मी तागडीला दोष दिला. गंजली असेल म्हणालो आणि पुन्हा माळ्यावर टाकली. वच्छलाला काही सांगितलं नाही. ती जागी होती आणि माझ्याकडं बघत होती, हे मला तागडी ठेवून वळल्यावर दिसलं.

५

बी उगवलं. महिने लागतील म्हणून सांगितलेलं बी अमावास्येच्या आतच उगवलं. खापरभर खरं बी तसंच मुकाट राहिलं आणि आगपेटीच्या काडीपाशी, कडेला, एक पांढरट देठ वर आला. पोकळ म्हणून वेगळं काढलेलं ते बी.

इसाकला आणून दाखवलं. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. आधी दोन गोल पानं येतात, मग कातरलेलं तिसरं, असं तो सांगत होता. याची दोन पानं जोडलेलीच होती, हात जोडावेत तशी, आणि त्यांत हिरवं काही नव्हतं. उजेड कमी पडत असेल म्हणून त्यानं खापर फिरवून रोपाचं तोंड परसदाराकडं केलं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा रोप वळलेलं होतं. उजेडाकडं पाठ करून आत, घागरीकडं वाकलेलं. इसाकनं ते पुन्हा फिरवलं नाही. हात धोतराला पुसत म्हणाला, "दुसरा कोई माली देखो, भाई." त्यानंतर बाजारात भेटला तरी तो रोपाचं विचारत नसे.

खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही. कारण वच्छला बोलायला लागली होती. सकाळी उठून आधी खापरापाशी बसायची, तापीच्या पेल्यानं घागरीतलं पाणी घेऊन त्या देठाला घालायची आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगत राहायची. एकदा तर हसली. मी चुलीपाशी बसून तो हसण्याचा आवाज ऐकला आणि माझे डोळे भरून आले. घरात परत माणूस राहायला आल्यासारखं वाटलं. घोट मी रोज ऐकत होतो, पण वच्छलाच पीत असेल, असं मनाला सांगायला आता जागा होती.

मग एका दुपारी मी डोळे मिटून न घेता पाहिलं. तिनं पेला भरला, ओठांपर्यंत नेला. देठ तिच्याकडं वाकला. तिनं पेला खाली आणला आणि सगळा त्याच्यावर रिता केला. वाळूवर ओल दिसलीच नाही. मी तिला म्हणालो, अगं, निदान अर्धा तू घे.

"तिले पेऊ द्या," ती म्हणाली. "माले तहान नही."

६

वच्छला परसात पडली. मी धावत जाऊन तिला उचललं आणि उचलतानाच थांबलो. बाई नव्हतीच हातांत. कपडे होते, बांगड्या होत्या, आत कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीएवढा भार. अन्न ती खात होती, मी समोर बसून खायला लावत होतो. तरीही तिचं वजन कुठंतरी जात होतं. आणि जी गोष्ट एका पारड्यातून जाते ती दुसऱ्यात पडते, यापलीकडं मला आयुष्यात दुसरी विद्या आली नाही.

शेजारून धावत आलेली अक्का कांद्याचा वास देऊन तिला शुद्धीवर आणत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊ, ते रोप पांझरामा टाकी ये. नहीतं ही बी जाई."

मी तसाच उठून आत गेलो. मला राग आला होता, त्या देठाचा, इसाकचा, माझ्या हातांचा. खापर केवढं? मूठभर वाळू आणि बोटभर रोप, एका हातानं उचलावं असं. मी एक हात घातला. ते जागचं हललं नाही. दोन्ही हात खाली घातले, गुडघे टेकले, छातीशी धरून उभा राहिलो.

माझ्या हातांनी ते वजन ओळखलं.

इतकंच मी सांगू शकतो. आतल्या खोलीपासून ओसरीपर्यंत एकदा आणलेलं वजन, तेवढंच, तसंच एका बाजूला कलणारं. रोपाचा शेंडा माझ्या गळ्याला टेकला होता आणि तो गार नव्हता. मी खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित पुढं गेलो नसतो. वच्छलाला वाचवायचं होतं; दोघींतली एकच माझ्या हाताशी उरली होती आणि तिच्यासाठी मी दुसरीला घेऊन चाललो होतो. उन्हात, पायांत काही न घालता, घामानं भिजत, आमच्या आळीतून पांझरेपर्यंत. ही वाट मी वर्षापूर्वी चौघांच्या खांद्यांसोबत चाललो होतो. या खेपेला मी एकटाच होतो.

नदीत पाणी नव्हतं. वैशाखात कसलं पाणी? वाळू तेवढी होती, भाजलेली. तिथं मी खापर ठेवलं. ठेवल्यावर हात हलके व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. पाठ फिरवून निघालो तेव्हा मागं काही वाजलं नाही, कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी परत गेलो असतो, हे मी आजही स्वतःपासून लपवत नाही.

७

घरी आलो तर अक्का दारात उभी होती आणि रडत हसत होती. आत जाऊन बघ म्हणाली.

वच्छला रांजणापाशी बसून पाणी पीत होती. तापीचा पेला दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वर्षभर ज्यासाठी झुरलो ते समोर घडत होतं. पेला संपला, तिनं पुन्हा भरला. हनुवटीवरून ओघळ गळ्यात जात होते. अक्का म्हणाली पिऊ दे, वर्षाची तहान आहे, आणि तिच्या घरी गेली.

मी बघत राहिलो. तिसरा पेला, चौथा. मधे श्वास घ्यायला ती थांबत नव्हती. प्रत्येक घोट एकटा, मोठा, घाईचा. रांजण संपला. मी सांगितलं, आता पुरे, पोटात दुखेल. तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, वच्छलानं मला कधी कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. आमच्यात बायका मारत नाहीत. आळी मला भाऊ म्हणायची.

तिनं रिकामा पेला माझ्यापुढं धरला.

"आबा," ती म्हणाली, "आखो."

मी विहिरीवर गेलो आणि पाणी घेऊन आलो. दुसरं काय करणार होतो? पेला फळीवर ठेवणार होतो का? त्या रात्री तिला अंथरुणावर ठेवायला उचललं. किती भरली, ते सांगत नाही.

८

वर्ष गेलं. वच्छला कशी आहे, असं आळीतले विचारतात. मी म्हणतो, पाणी पिते. सगळ्यांना बरं वाटतं. ती रांजणापाशी बसलेली असते. भाकरी केली तर खाते, केस विंचरले तर विंचरू देते. आवाज वच्छलाचाच, हातावरचं गोंदणही वच्छलाचंच. बोलते मात्र एवढंच, दोनच शब्द. ती घागर मी अक्काला न्यायला लावली. नदीवर पुन्हा गेलो नाही. हंगामात कामावर गेलो तेव्हा माझे आकडे चुकायला लागले. पंडित नावाचा नवा पोरगा आता माप करतो.

कधी वाटतं, बिचारीचं डोकं गेलं असेल. दुःखानं जातं. माणूस पोरीच्या आवाजात बोलायला लागतो, तसं ऐकलं आहे. हे मी स्वतःला रोज सांगायचो आणि अर्धअधिक पटायचंही.

परवा आखाजी झाली. नवी घागर आणली, तिवईवर ठेवली, भरली. आता नाव घ्यायचं. तापीचं घ्यायला तोंड उघडलं, तर मागून पेला जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. ती बघत होती. मग अगदी हळू, तिला ऐकू जाणार नाही असं, मी वच्छलाचं नाव घेतलं. जित्या बायकोच्या नावानं घागर भरणारा करंटा मीच. उद्या सकाळी ही जड लागेल, मग मी स्वतःला मूर्ख म्हणेन आणि सुखानं निजेन, असा माझा हिशेब होता.

सकाळी अक्का घागर न्यायला आली. या खेपेला ठेवू नको, म्हणाली. मी घागरीत पाहिलं. पाणी गळ्यापर्यंत, रात्रीतून तसूभरही न उतरलेलं. कंबर कसून दोन्ही हात घातले, आणि घागर वर आली.

दुसरा हात लावायची गरज नव्हती.

अक्का उंबऱ्याबाहेर हात पुढं करून उभी होती. माझ्या मागं रांजणापाशी पेला पुन्हा वाजला. मी ती घागर छातीशी धरून दोघींच्या मधे उभा राहिलो. घागरीत कुणीतरी अगदी सावकाश, संकोचानं, एक घोट घेतला. वच्छला पाणी अशीच प्यायची, पूर्वी.